तापमान सांगणारी तार

सुलभाताई शिंपींनी मशीन आणलं ते जुन्या रजईत गुंडाळून,
रिक्षात, मांडीवर, काच पोटाशी धरून.
तहसीलसमोर बारा वर्षं त्या टाइप करतात
उत्पन्नाचे दाखले, नावातल्या दुरुस्त्या, वारसांच्या याद्या.
"चालू करो, चहा करो, कप धुई ठेवो,
तरी ते आपलं चक्र फिराई ऱ्हायनं."

सगळं एकातच, पडदा, मेंदू, आवाज.
डबा वेगळा नाही, म्हणून दारही नाही.
मागे एक स्क्रू दिसेल तर शपथ.
बनवणाऱ्याने धरूनच चाललं असणार
की हे कुणी उघडणार नाही,
निदान अमळनेरात तरी.

काचेच्या कडेला गरम हवा द्यायची, मग चिकटपट्टी सैल होते.
माझ्याकडे ड्रायर आहे.
पण लाइट साडेअकराला गेलेली.
मग मशीन गच्चीवर नेलं, मे महिन्याच्या गच्चीवर,
शेजारच्या बिबड्यांच्या ओळीत टेकवलं
आणि सात मिनिटं मोजली.
आठव्याला बिबडं कडक होतं आणि काच तडकते.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मुदत संपलेलं बँकेचं कार्ड फटीत सारलं.
चर्र.
थांबून पुन्हा चर्र.
काच जराशी वर आली की ओढायचं नाही,
खाली दोन आखूड तारा असतात.
माझ्या हातून एक गेलीय, चोपड्याच्या स्टुडिओवाल्याची.
तो अजून रस्त्यात भेटला की काही बोलत नाही.

आत कापूस.
जिनिंगच्या हंगामात उडालेला, कुठल्या सालचा कोण जाणे,
पंख्याच्या पात्यांवर पेळूसारखा वळलेला.
एक वाळका मुंगळा.
आणि मेमरीच्या पट्टीवर हळद-कुंकू,
दर दसऱ्याला जाळीतून थोडं थोडं झिरपलेलं.
ब्रश फिरवताना तेवढं मी शेवटी घेतलं.

लाइट आली साडेचारला.
जुन्या डिस्कवरून नव्यावर नक्कल लावली.
जुनी टक्-टक् करते,
अंधारात उशाखाली किल्ली चाचपणाऱ्या माणसासारखी.
नवी गप्प. वजन एका खारीएवढं.
रात्री दोनला, त्र्याऐंशी टक्क्यांवर, दोघी थांबल्या.
एक जागा वाचता येत नाही.
तिथे काय होतं हे कळायला
आधी ती वाचता यावी लागते.

सकाळी फोन केला. ताई, एवढं एक सोडून पुढे जाऊ का?
"त्यामा कोन्हं नाव व्हई तं?"
मागे स्टॅम्प पेपरवाल्याची हाक, एक हॉर्न.
मग त्याच म्हणाल्या,
"नाव गयं तं माणूस येसच परत.
जाऊ दे पुढे."

संध्याकाळी नवी बसवली. आठ स्क्रू, एक जास्तीचा उरला,
तो नेहमी उरतो.
कडेने नवी पट्टी, नखाने दाबत दाबत.
ताई आल्या. बटण त्यांनाच दाबू दिलं.
चहाचं सोडाच, पदर सावरेपर्यंत पडदा उजळला,
त्यांच्या नातवाचा फोटो, सगळे चौकोन जागच्या जागी.

आणि पंखा सुटला.
पूर्ण वेगाने, पीठगिरणीसारखा.

एक बारीक तार होती जुन्या डिस्कच्या पाठीला.
तिचं काम एवढंच, डिस्क किती तापली ते सांगणं.
ती लावायची मी विसरलो.
आणि सांगणारं कुणी नसलं
की पंखा सगळ्यात वाईट तेच खरं मानतो.

टेबलावरच्या पावत्या उडाल्या, एक थेट नालीत.
ताई तोंड पुढे करून उभ्या, कानाजवळचे केस भुरुभुरु.
"मस्त वारा ई ऱ्हायना," म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना असंच."

मी ड्रॉवरात बँकेचं कार्ड शोधत होतो.
वर शेजारच्यांचे बिबडे गोळा करून झाले होते,
गच्ची नुसती कोमट.
"उद्या," म्हटलं, "ऊन चढलं की."